मांड्यांचं पीठ

परातीत पीठ आपटता आपटता अनुसया मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालत होती, आणि पहिली शिवी नवऱ्याला होती.

उद्या सकाळी तिचं ऑपरेशन. गाठ झालेली गर्भाची पिशवी काढायची. पंचेचाळिशी आली तरी बाईनं दवाखान्याची खाट पाहिली नव्हती, बाळंतपणंसुद्धा घरीच झाली, आणि आता एकदम पोट फाडायचं. मागची तारीख हुकली होती. ज्या शेठच्या वावरात राहून ही माणसं राबत, त्याच्याकडं ऊसलावणी निघाली, हिनं बेण्याच्या मोळ्या वाहिल्या, अंगावरून इतकं गेलं की रक्त कमी भरलं. डॉक्टरीण म्हणाली, पुन्हा कमी निघालं तर मी हात लावणार नाही, आणि गाठ काही तुझ्यासाठी थांबायची नाही. तेव्हापासून अनुसया गोळ्या गिळत होती, गूळ-शेंगदाणे खात होती, घागरीला हात लावत नव्हती. आज संध्याकाळी भरती व्हायचं होतं.

आणि सकाळीच सुरतजवळच्या चलथाणच्या रस्त्यानं उसाच्या बांधावर जीप येऊन थांबली. पार बुलडाण्याकडून दामटत आणलेली. नणंद पुष्पाबाई, मामेसासरे बळीराम, त्यांची सून, पोरंसोरं, सगळी उतरली. ऑपरेशनआधी माणसाला भेटून घ्यावं, ही गावाकडची रीत. नवऱ्यानंच, किसननं, हौसेनं फोन केले होते.

भेटले. गळ्यात पडून रडले. मग पुष्पाबाईनं डोळे पुसले.

"वहिनी, मामाची लय इच्छा हाये. तुह्या हातचे मांडे."

"बाई, माह्यं ऑपरेशन हाये."

"ते उद्या. आन् म्हनूनच तं म्हन्ते. मंग वर्षभर तुले जोराचं काम करता येनार नाही. तवा आमाले मांडे कोन घालीन?"

अनुसयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किसननं तिला कुडाआड नेलं.

"एवढ्या लांबून आले गं. नाही म्हनलं तं गावात तोंड दाखवाले जागा नाही राह्यनार."

"मंग तुमी करा."

"मले येते का?"

"मले तरी पोट फाडून घेनं कुठं येते? घेतेच ना."

आणि ही बया, रागारागानं का होईना, पीठ घेऊन बसलीच. जन्माची सवय, ती काय एका दिवसात सुटते.

मांडा म्हणजे काही साधी पोळी नव्हे. पीठ आपटून आपटून रबरासारखं करायचं, पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा, मग उपड्या खापरावर टाकायचा. सगळा जोर पोटातून.

मंडळी आंब्याखाली टेकली होती. बळीराम रंगात आले होते.

"आपल्या रघुनाथची बायको. चांगली चालत गेली दवाखान्यात. आन् आनली कशी?"

"मामा, तिच्या देखत नका सांगू," पुष्पाबाई म्हणाली आणि मग स्वतःच सगळं सांगितलं.

अनुसयानं गोळा उचलला, आपटला, आणि ओटीपोटात कळ गेली. मांडीला ओलं लागलं. ती तशीच थांबली. एवढे दिवस थेंबथेंब भरत आणलेलं रक्त या लोकांच्या जेवणावळीत वाहून चाललं होतं. तिला रडू नाही आलं. चीड आली, नवऱ्याची, नणंदेची आणि त्याहून स्वतःची.

"मयुरे, गाडी काढ."

मयुरी म्हणजे तिची लेक. पलसाण्याच्या मिलमध्ये कामाला होती, आईसाठी रजा टाकली होती.

"अत्यारे? संध्याकाळी जायचं ने?"

"आत्ता."

तिनं परात नवऱ्याकडं सरकवली. "घ्या. खापर तापलं हाये."

"आन् मांडे?" बळीराम तिकडून बोलले.

"मामाजी, तुमच्या सुनेले हात हायेत, पुष्पाबाईले हायेत. मले भेटाले आले ना? भेटले. आता मी जाते."

"अनुसया, लोक काय म्हनतीन," किसन पुटपुटला.

"म्हनू द्या. मेली तं हेच लोक जीप भरून पुन्हा येतीन. तवाबी सैपाक मीच करू का?"

तिनं कपड्यांची पिशवी घेतली आणि लेकीच्या मागं बसली.

सुरतच्या दवाखान्यात सिस्टरनं सोबत कोणी मोठं, नात्यातलं माणूस दिसतं का ते पाहत विचारलं, "घरनुं मोटुं कोई नथी? सगावाला?"

"हायेत ना. जीप भरून आलेत."

"तो क्यां छे?"

"घरी. मले भेटाले आलेत."

सिस्टरनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग तिचा हात ओढला. कोपरापर्यंत पीठ वाळलं होतं. ओल्या कापसानं घासून काढलं तेव्हा कुठं शीर सापडली.

दुपारी डॉक्टरीण आली. म्हणाली, रक्त काठावर आहे, पण चालेल. आता पाय खाली ठेवायचा नाही. सकाळी पहिला नंबर तुझा. अनुसयानं डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी अंग सैल सोडलं.

तेवढ्यात किसनचा फोन आला. मागं पोरांचा गलका होता, धूर लागल्यागत तो खोकत होता.

"अनुसया, मांडे हातातच फाटून ऱ्हायले. काय करू?"

"पीठ कमी आपटलं तुमी," ती म्हणाली. "अजून आपटा. पोटातून जोर लावा."

आणि फोन लेकीच्या हातात देऊन कुशीवर वळली.