पासोडीचा कोपरा

"मान वर कर, शालिक. गप बस."

जयवंतेनं काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा लेकराच्या गळ्यात बांधला आणि गाठीवर आणखी एक गाठ मारली. शालिक तीन वर्षांचा होता. त्याच्या ओठांभोवती फोडांचं कडं उठलं होतं. काही फोड फुटून लसलसत होते, काहींवर पिवळी खपली धरली होती. रडायला तोंड उघडलं की खपल्या तडकत आणि मग तो आणखी रडे.

"नजर असन तं उतरन," सासू पार्वताबाई दारातून म्हणाली. "अन् आई आली असन तं तिच्या मर्जीनं जाईन. वैदाले बोलवाचं नाई. औषध पायलं की ते कोपते."

चैत्र चालू होता. चैत्रात देवी येते हे सगळ्या गावाला ठाऊक. दाराला कडुनिंब टांगला होता, घरात फोडणी बंद होती आणि शेजारणी कुंपणापलीकडूनच विचारपूस करून पदर सावरत निघून जात होत्या. मागच्या साली याच गावातलं एक पोर देवीनं नेलं आणि एकाचे डोळे गेले. जयवंता रोज सकाळी आधी शालिकचे डोळे बघायची, मग देवाला हात जोडायची.

अशात घरधनी असता तर निदान दोघांनी मिळून भ्यायलं असतं. पण खुशाल घरी नव्हता. समुद्रापलीकडे कुठंशी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. ज्याच्या दारी बैलजोडी तो गाडीवान झाला. मोर्णेकाठचा भाजीचा मळा बायकोच्या आणि आईच्या हवाली करून खुशाल दिवाळीनंतर निघाला. अमरावतीच्या व्यापाऱ्याचा कापूस भरायचा आणि आगगाडीचे रूळ जिथं येऊन थांबलेत तिथवर नेऊन टाकायचा. होळीला येतो म्हणाला होता. होळीला आला तो त्याचा सोबती उत्तमराव, आणि त्याच्या खांद्यावर खुशालची पासोडी.

"थो दुसरी खेप घेऊन गेला," उत्तमराव म्हणाला होता. "उन्हाळ्यात पासोडी कायले, म्हणे. घरी देजो."

पांघरायची दोन पदरी जाड पासोडी ती. तिला बैलांचा, तंबाखूचा आणि खुशालचा वास येत होता. शालिकनं ती अंगावर ओढून घेतली ती सोडलीच नाही. जयवंतेलाही ती हवी होती, पण लेकराशी काय भांडायचं?

बाजाराच्या दिवशी नत्थुजी वैद मळ्यातल्या घरी आले. ते कुणी बोलावल्यावरून आले नव्हते, कारल्यांसाठी आले होते. जगाला कडू काढे पाजणाऱ्या या म्हाताऱ्याला कारल्याचं भारी वेड. दारावरचा कडुनिंब पाहून ते आंब्याखालीच थांबले.

"कोणाले आली व, माय?"

जयवंतेनं मागं वळून पाहिलं. सासू पाटावर पाणी धरत होती. जयवंतेनं शालिकला उचललं आणि आंब्याखाली नेलं. सासूचा राग परवडला, पण सकाळी उठून ते डोळे बघणं आता सोसवत नव्हतं.

नत्थुजींनी आधी कपाळाला हात लावला. मग पोट पाहिलं, पाठ पाहिली, तळवे उलटसुलट केले.

"ताप आल्ता काय?"

"नाई, बाबा. आंग गरम लागलंच नाई."

"ताप नाई, पाठीवर पुटकुळी नाई. आई अशी नुसती तोंडाभवती फेर धरून बसत नाई." त्यांनी शालिकचं तोंड उघडून आत पाहिलं. "जीभ साफ हाय. पोटातली गरमी असती तं जीभ उतली असती. ओठ चाटत रायते काय? थुंकीनंबी लेकराचे ओठ उततात."

"चाटते, पण ते फोड आल्यावर."

मग त्यांना उजव्या मुठीवरचे दोन फोड दिसले. त्यांनी ती मूठ उलगडून पाहिली.

"तोंडाले अन् याच हाताले. हे बाहेरून लागून राहिलं, पोरी. कायतरी धरते अन् चोखते. काय ते?"

"घरचंच खाते, बाबा. नवं कायी नाई."

"मंग मी बसतो. त्याले निजू दे."

दुपार कलली. शालिक पेंगुळला आणि सवयीनं पासोडी ओढून तिचा एक कोपरा त्यानं मुठीत धरून तोंडात घातला. नत्थुजी उठले. झोपल्या लेकराच्या ओठांतून तो कोपरा त्यांनी हळूच सोडवला आणि उन्हात धरला. कोपऱ्यावर काळीभोर खूण होती. एक वांगं, त्याला देठ.

"हे कोणाचं?"

"याच्या बाबाचं," जयवंता हळूच म्हणाली. "गाड्याच्या तळावर पासोड्या बदलतात म्हणून. लिवता येत नाई, मंग वांगं काढलं. माळ्याची खूण."

"बिब्ब्यानं काढलं. जुनं फिकं होतं, त्यावर नवं गिरवलं. ओलं असतानीच घडी घातली. बिब्ब्याचं तेल उततेच, माय. परीट बिब्ब्यानंच कपड्याले खुणा करते, त्याच्या हाताले विचार." मग त्यांची नजर शालिकच्या गळ्याकडे गेली. "अन् हा कोणं बांधला?"

दोन गाठी मारलेला दोरा जयवंतेनं दातांनी तोडला.

तिळाचं तेल लाव, खोबरं चघळायला दे, असं सांगून नत्थुजी उठले. "थो कोपरा कापून मातीत गाड. जाळू नको, धूरबी बाधते." कारल्यांचे पैसे देऊ लागले तर तिनं घेतले नाहीत.

ती मात्र तिथंच बसून राहिली. पासोडी घरी धाडण्याआधी त्यानं खूण नव्यानं गिरवली होती. वाटेत कुणाच्या हाती पडू नये, नीट घरी पोचावी म्हणून. एवढी आठवण होती तर मग स्वतः का आला नाही, हे विचारायला तिच्यासमोर फक्त ते वांगं होतं. तिनं विळीवर कोपरा कापला. सासू ओरडली, मग तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्या संध्याकाळी घरात पुन्हा फोडणीचा वास सुटला.

"गाडला काय थो तुकडा?"

"गाडला, आत्याबाई. वांग्याच्या वाफ्यात."

शालिक दोन-चार दिवस कोपरा शोधत रडला. मग दुसरा कोपरा धरू लागला, मग तोही लागेना. ओठ निवळले. एकदा जयवंतेनं विचारलं, "बाबा कुठी गेला रे?" "गाडीवर," म्हणून तो बकरीच्या मागं पळाला. लेकरू बरं व्हावं म्हणून तिनं देव पाण्यात ठेवले होते. ते बरं झालं आणि बापाला विसरलंही, आणि या दुसऱ्या गोष्टीसाठी कुठला वैद शोधावा ते तिला कळेना.

जेठात उत्तमरावनं निरोप आणला. खुशाल रुळाच्या कामावर लागला, पावसाळा तिकडेच काढणार. जयवंतेनं ऐकून घेतलं आणि भेंडी तोडायला गेली.

चार-पाच दिवसांनी सकाळी ती चुलीपुढं बसली असताना पार्वताबाई भाकरी घ्यायला वाकली आणि तशीच थांबली. सुनेच्या खालच्या ओठाशी पाण्यानं भरलेला एक फोड होता. शेजारी दुसरा उठत होता.

जयवंतेनं तोंड पदराआड घेतलं.

पार्वताबाईनं कोनाड्यातून तेलाची वाटी काढली. सुनेची हनुवटी धरून, एका बोटानं तिनं फोडांवर तेल लावलं, शालिकला लावायची तसंच. बोट पुसलं नाही. सुनेच्या लुगड्याला कमरेशी मारलेल्या गाठीकडे पाहत तिनं हात पुढं केला.

"तुह्यं झालं आता, जयवंते. दे इकळे. माहा लेक हाय थो."

जयवंतेनं गाठ सोडली. आत न गाडलेला पासोडीचा कोपरा होता, काळ्या वांग्यासकट. म्हातारीनं तो तुकडा घेतला, आपल्या पदरात बांधला आणि राहिलेलं तेल दोन्ही तळहातांना चोळत ती पाटावर पाणी धरायला निघून गेली.