चाळिसाव्याचा मासा

मामंजींना जाऊन चाळीस दिवस होत होते. त्या चाळिसाव्याच्या जेवणाला माझ्या नणंदेनं पिंजऱ्यातले मासे मागवले आणि माझं डोकंच फिरलं. जन्मभर समुद्रावर काढलेला माणूस, आणि त्याच्या नावानं वाढायचा मासा कुठला, तर समुद्रात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेला, गोळ्या खाऊन फुगलेला!

आर्गिरोची, म्हणजे नणंदेची, आमच्या बेटाच्या बंदरावर खानावळ आहे. तिचं म्हणणं, सगळे एका मापाचे असले की गिऱ्हाइकाची कुरकुर नाही. त्यापायी सख्ख्या भावाचे मासेही घेईनाशी झाली. तो भाऊ म्हणजे माझा नवरा, पांडेलिस. बापाच्या चाळिसाव्यालाही आपला मासा नको असेल तर सोमवारी होडी मोडीत देतो, म्हणाला. मासेमारी कमी व्हावी म्हणून लाकडी होडी मोडली की सरकार पैसे देतं. बुलडोझर घालून चक्काचूर करतात. मला रडूच कोसळलं.

तरी चाळिसाव्याच्या पहाटे मीच त्याला समुद्रावर पिटाळलं. मिळालं काय, तर अर्धी पेटी. लाल, काटेरी, कुणी बोटभर, कुणी वीतभर. ती मी नेऊन आर्गिरोच्या स्वयंपाकघरात आदळली. एवढ्यात कुणाचं भागणार, असं ती म्हणाली, आणि तिचंही खोटं नव्हतं.

चर्चमधून माणसं आली. आमच्याकडे खाणाऱ्यानं आत येऊन मासा निवडायचा, आणि त्या दिवशी पहिला मान सासूबाईंचा. आर्गिरोनं बर्फाचा खण ओढला. सगळे मासे एकसारखे, चकचकीत. सासूबाईंनी एकाची शेपटी उचलली. पिंजऱ्यातल्या दाटीत घासून घासून पार झिजलेली. त्यांनी खण लोटला आणि माझ्या पेटीकडे बोट केलं.

"आई, ते पुरणार नाही."

"रस्सा कर. पाणी वाढव. तुझ्या बापानं आणलेलं कधी पुरलं होतं?"

मागच्या कुणीही मग खण उघडला नाही. बटाटे, कांदे, लिंबू घालून आर्गिरोनं आणि मी रस्सा केला. कुणाच्या वाट्याला डोकं आलं, कुणाच्या नुसता काटा. लोक बोटं चोखत होते, पावानं थाळ्या पुसत होते, मामंजींच्या खोड्या आठवून हसत होते. आर्गिरो उभ्या उभ्या दोन घास खाताना रडली. मग भावापाशी आली.

"उद्यापासून मिळेल ते माझ्याकडे टाक."

"आणि काहीच नाही मिळालं तर?"

"तर आज मासा नाही म्हणेन. सांगायला माझं काय तोंड दुखतंय?"

पांडेलिस अर्ध्या जेवणावरून उठला. कुठे निघालास, विचारलं, तर म्हणाला, जाळं फाटलंय, अंधार पडायच्या आत शिवायला हवं.