कशालाच न जोडलेला क्लच

हार्लन टिबेट्सचा डावा गुडघा कॅलिफोर्नियात, बेकर्सफील्डच्या रेल्वे फाटकापाशी संपावर गेला. तेलविहिरींचे टँकर घेऊन जाणारी लांबलचक मालगाडी संपता संपत नव्हती आणि हार्लन क्लच दाबून धरून बसला होता. गिअर काढून ठेवावा, एवढी साधी अक्कल त्र्याहत्तराव्या वर्षी सुचायला हवी होती, पण फाटक उघडलं की पहिल्या झटक्यात सुटायचं ही सतराव्या वर्षीची खोड अजून गेली नव्हती. पाय थरथरायला लागला, मग कळ आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पाय पेडलवरून सुटला. चौतीस सालची फोर्ड, जिचा एकूण एक बोल्ट त्याने स्वतःच्या हाताने आवळला होता, एक आचका देऊन बंद पडली. मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. शेजारी बसलेल्या वेल्माने पर्स उघडली, रुमाल काढून नवऱ्याच्या हातात दिला. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात कधी बोलायचं नाही हे तिला पक्कं कळलं होतं.

गुडघा बदलायचा म्हणावं तर हृदयाच्या डॉक्टरने गुडघ्याच्या डॉक्टरला परस्पर नकार कळवून टाकला. मग उरला रुडी अरियागा. रुडी माणसांवर नाही, गिअरबॉक्सवर इलाज करायचा, पण हार्लनचा विश्वास डॉक्टरपेक्षा त्याच्यावरच जास्त होता.

"क्लच हलका करून दे," हार्लन म्हणाला.

"करून देतो की. सहा महिने चालेल."

"एवढा कच्चा माल घालतोस?"

"क्लच वीस वर्षं टिकेल रे. मी तुझ्या गुडघ्याचं सांगतोय." रुडीने हात पुसले. "दोनच वाटा आहेत, हार्लन. ऑटोमॅटिक घाल, नाहीतर आहे तशी गाडी कुणालातरी देऊन टाक. तिसरी वाट काढायला गेलास, तर एक दिवस फाटकाच्या अलीकडे नाही, रुळांवर बंद पडशील. आणि वेल्मा सोबत असेल."

ऑटोमॅटिक! हार्लनने तो शब्द आयुष्यभर तोंड वाकडं करूनच उच्चारला होता. तो 'केर्न ड्यूक्स'चा अध्यक्ष होता. जुन्या गाड्यांना मोठी इंजिनं लावून त्या पळवणाऱ्यांची ही मंडळी एकेकाळी तीस होती, आता अकरा उरली होती. दर शनिवारी सकाळी डोनटच्या दुकानापुढे गाड्या ओळीने लावायच्या, इंजिनाची झाकणं उघडायची आणि एकमेकांच्या इंजिनांना नावं ठेवायची, हा त्यांचा धर्म. प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेत साखळीने टांगलेली अ‍ॅल्युमिनियमची ओतीव पाटी असायची. ती पाटी मिळायला तीन पेडलं लागायची: क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. दोन पेडलांची गाडी त्यांच्या लेखी गाडीच नव्हे. ती सोफा.

आणि हा नियम हार्लनने नुसता पाळला नव्हता, तर गाजवला होता. अकरा वर्षांपूर्वी डॉयल कीनर आपल्या बत्तीस सालच्या उघड्या रोडस्टरला ऑटोमॅटिक घालून आला. डॉयल म्हणजे हार्लनचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी पहिल्या गाड्या एकाच पत्र्याच्या शेडमध्ये, एकाच पान्यांच्या पेटीतून बांधलेल्या. नियम म्हणजे नियम, म्हणून सगळ्यांदेखत हार्लनने स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याची पाटी काढली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने खिशातून लहान बाळाची चोखणी काढली आणि पाटीच्या जागी साखळीला अडकवली. घरून येतानाच आणली होती. मंडळी पोट धरून हसली. डॉयलही हसला, दोनदा हॉर्न वाजवून निघून गेला आणि परत कधी आला नाही.

हार्लन चार दिवस विचार करत राहिला. गाडी विकायची म्हटलं की स्वतः आवळलेला एकूण एक बोल्ट आठवायचा. ऑटोमॅटिक म्हटलं की ती चोखणी आठवायची. पाचव्या दिवशी त्याने रुडीला फोन केला.

"घाल ऑटोमॅटिक. पण क्लचचं पेडल तसंच ठेव. गिअरचा दांडाही तसाच ठेव, खाली कसा जोडायचा ते तू बघ."

पलीकडून रुडीने विचारलं, "म्हणजे शोभेचा क्लच?"

"शोभेचा म्हण, नाहीतर काहीही म्हण. आणि त्याला स्प्रिंग लाव. चांगली कडक. लुळंपांगळं हललं की ओळखतील."

"गाडी तुझी, लाज तुझी," असं म्हणून रुडीने काम हाती घेतलं.

शनिवारी हार्लन डोनटच्या दुकानापुढे आला, तो एखाद्या नटासारखा. वळणावर क्लच दाबला, दांडा ओढला, अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडला, पुन्हा दिला. गिअर बदलतानाचा तो मधला खंड आता इंजिनाच्या आवाजात नव्हता, आणि ज्याला कान आहेत त्याला तो फरक झोपेतही कळला असता. पण कान होते कुणाला? पन्नास वर्षं उघड्या सायलेन्सरांच्या शेजारी उभं राहून केर्न ड्यूक्सची अख्खी मंडळी ठार बहिरी झाली होती.

"मस्त बोलतेय रे गाडी!" त्यातला सगळ्यात बहिरा ओरडला.

"रुडीने जरा ट्यून केलीय," हार्लनही ओरडून म्हणाला.

बस्स. संपलं. कुणी वाकून पाहिलं नाही, कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. हार्लनने दोन डोनट खाल्ले, दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवली आणि अध्यक्ष म्हणूनच घरी आला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. नुसता दमून गेला होता.

असे पाच शनिवार गेले. प्रत्येक वेळी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत तेच नाटक, कारण रस्त्यात कोण कुठे भेटेल याचा नेम नव्हता. आणि गुडघा? गुडघा पूर्वीपेक्षा जास्त सुजला. घरी आलं की हार्लन खुर्चीत पाय पसरायचा, वेल्मा गोठवलेल्या मटारची पिशवी आणून गुडघ्यावर ठेवायची.

पाचव्या शनिवारी परतताना ती सोबत होती. सिग्नलला हार्लनने दात आवळून क्लच दाबला. तोंडातून 'आई गं' निघून गेलं.

"हार्लन," वेल्मा म्हणाली.

"काय?"

"तो क्लच कशालाच जोडलेला नाही."

"मला माहीत आहे!"

"मग दाबतोस कशाला? इथे कोण बघतंय? मी?"

तिच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. राग असता तर हार्लनने भांडून वेळ मारून नेली असती. सिग्नल हिरवा झाला. त्याने पाय काढला आणि गाडी आपली आपण मऊपणे निघाली. स्वतःच्या बायकोसमोर, रिकाम्या रस्त्यावर, दुखऱ्या पायाने तो खोटं पेडल दाबत होता. हार्लनला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

सोमवारी तो रुडीकडे गेला. "ती स्प्रिंग सैल कर."

"पेडलच काढून टाकू का?"

"स्प्रिंग सैल कर म्हटलं ना."

रुडी गाडीखाली सरकला. त्याचे नुसते बूट बाहेर दिसत होते. तिथूनच तो बोलला. "असलं पेडल मागणारा तू दुसरा, माहीत आहे? पहिला डॉयल."

"डॉयल? त्याच्या गाडीत तर नव्हतं."

"नव्हतं, कारण त्याने ऐन वेळी नको म्हटलं. त्याच्या पायाची संवेदना गेली होती ना, साखरेपायी. डावं पाऊल पेडलवर आहे की जमिनीवर, तेच त्याला कळेना. बाजारात एकदा पाय घसरला, गाडीने उडी मारली. सामानाच्या ढकलगाड्यांवर गेली म्हणून वाचला. समोर माणूस असता तर?"

"मला हे कुणी सांगितलं नाही."

"त्यानेच सांगू नको म्हटलं होतं. कीव केलेली त्याला खपत नसे. आधी म्हणाला, खोटं पेडल लाव. मग दुसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाला, राहू दे रुडी, मंडळी चेष्टा करतील, पण हार्लन समजून घेईल." पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "झाली बघ तुझी स्प्रिंग सैल."

हार्लनला तिथून उठायला वेळ लागला, आणि तो गुडघ्यामुळे नाही.

डॉयलचं घर नदीपलीकडे, गाडीने बारा मिनिटांवर. अकरा वर्षांत हार्लन त्या रस्त्याला गेला नव्हता. सरळ तिथेच गेला. पुढच्या व्हरांड्यात डॉयल बसला होता, वाळलेला, पायांत दवाखान्यातून मिळतात तसले जाड तळांचे बूट. शेडचं दार उघडं होतं आणि आत गाडी नव्हती. नुसते जुने खोके होते.

"ये," डॉयल म्हणाला, जणू कालच भेटले होते. "दुसरी पायरी सैल आहे, जपून."

हार्लन कठडा धरून वर आला आणि बसला.

"ऑटोमॅटिक घातलीस," डॉयल म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"ऐकलं ना. कानाला यंत्र लावलंय. बोलायला माणसं उरली नाहीत, तेव्हा नेमकं लावलं." तो गाडीकडे बघत राहिला. "आणि येताना गिअर बदलल्यासारखा खांदा कशाला हलवत होतास? खोटं पेडल आहे?"

"आहे."

"हं."

हार्लनने तोंडातल्या तोंडात बरंच जुळवलं, पण बाहेर आलं ते एवढंच. "पायाचं मला माहीत नव्हतं, डॉयल."

"माहीत असतं तर काय केलं असतंस?"

खोटं बोलायची ताकद आता हार्लनमध्ये नव्हती. "चोखणी लावली नसती. पाटी मात्र काढली असती."

"हे खरं बोललास," डॉयल म्हणाला. "पाटीचं काय घेऊन बसलास? अ‍ॅल्युमिनियमच ते. त्या चोखणीचंही मला एवढं नव्हतं. मी असतो तर मीही असलंच काहीतरी केलं असतं. पण तू दर मंगळवारी यायचास, आठवतं? पाना मागायला, नाहीतर परत द्यायला. त्या मंगळवारी मी दोघांची कॉफी केली. पुढच्या मंगळवारीही केली. नाताळपर्यंत करत होतो. मला वाटायचं, शनिवारचा हार्लन वेगळा आणि मंगळवारचा वेगळा. नंतर कॉफी ओतून द्यायचा कंटाळा आला."

हार्लनला सांगता आलं असतं की तोही वाट पाहत होता, डॉयलने आधी फोन करावा म्हणून. ते खोटंही नव्हतं. पण दोन म्हाताऱ्यांनी अकरा वर्षं कशात घालवली, ते त्यातून आणखीच उघडं पडलं असतं. तो खाली मान घालून बसला. डोळे भरून आले होते, ते त्याने पुसले नाहीत.

"माझं चुकलं," तो शेवटी म्हणाला. "शनिवारी चल माझ्याबरोबर. सगळ्यांसमोर सांगतो. माझीही पाटी काढा म्हणतो, तो नियमच जाऊ दे खड्ड्यात."

"शनिवारी नाही जमायचं."

"अजून राग आहे तुझ्या मनात."

"अरे राग नाही. रागावायलाही अंगात काहीतरी लागतं." डॉयलने शर्टाची बाही वर केली. दंडाखाली सुयांच्या खुणांनी काळंनिळं झालेलं होतं. "मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार मशिनवर असतो. दवाखान्याची व्हॅन येते सकाळी, चार तास लागतात."

"कोण असतं सोबत?"

"व्हॅनचा ड्रायव्हर असतो. तो सोडून जातो."

रस्त्यावरून एक तेलाचा ट्रक धूळ उडवत गेला. हार्लनचा गुडघा ठणकत होता. त्याने तो दोन्ही हातांनी उचलून सरळ केला.

"शनिवारी मी येतो तिथे," तो म्हणाला.

"शनिवारी तुझा क्लब असतो."

"असू दे."

"चार तास, हार्लन. बसायला प्लॅस्टिकची खुर्ची. मी अर्धा वेळ झोपलेला असतो, तुझ्याशी बोलणारसुद्धा नाही."

"बसेन."

डॉयलने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि त्यांना काय सांगशील? अध्यक्ष कुठे गेले म्हणून विचारतील."

"ऑटोमॅटिक घातली म्हणून सांगेन," हार्लन म्हणाला. "मग कुणी विचारणार नाही."