अकरा नंबरचा ओटा

थांबा तातेरावभाऊ, ती पेन्सिल खाली ठेवा आन भितीवर रेघ मारू नका. सैपाकाचा ओटा तीस इंच उंच म्हणता ना? तीसचा करू, मला काय, माझा हात काय अडून राह्यला का. पण कडप्पावाला यायला आजून तासभर हाय. तव्हर या गोणीवर बसा, एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या कुणाची न्हाई, माझ्याच हातनं झालेल्या चुकीची हाय. अशी गोष्ट तुम्हाला दुसरा मिस्त्री सांगायचा न्हाई.

साल दोन हजार सात. राजूरला देवानंदनं नवीनच नेट कॅफे टाकल्ता, चार कम्प्युटर आन एक पंखा. भोकरदनला बद्रीनाथ सरांचा कम्प्युटरचा क्लास होता. त्या सरांनी एक स्पर्धा काढली. कम्प्युटरमधी खोली बांधायची! वीट न्हाई, वाळू न्हाई, पाण्याचं टिपूस न्हाई. ते माऊस हलवलं की भीत उभी, आन वाळायची वाटबी पाहायची न्हाई. जिल्ह्यातल्या पोरापोरींनी जिथं असतील तिथं बांधायचं आन नेटवरून पाठवायचं. इषय दिल्ता, 'आपलं सैपाकघर'. पहिल्या नंबराला औरंगाबादला दोन वर्साचा कोर्स, घराचे नकाशे काढायचा. शिकणं फुकट, राहाणं फुकट.

आता माझी पोरगी शिवकन्या. ल्हानपणी तिला ताप आला आन उजवा पाय बारीक राह्यला. काठी घेऊन चालती. बारावी झाली आन घरी बसली. ल्हान असताना मी तिला कामावर नेत होतो, वाळूच्या ढिगावर बसवायचो. समदे पोरं ढिगात घर करतात, ही मातर माझ्या हाताकडं बघत बसायची. एकदा मला म्हणली, "आबा, मला भीत बांधता येणार न्हाई, पण ती कुठं बांधायची ते सांगता येईन." सात-आठ वर्साची असंल तव्हा. मी हासलो. नंतर कव्हा कव्हा आठवायचं आन हासू येत नव्हतं.

तर तिनं त्या स्पर्धेत नाव दिलं. महिनाभर रोज दुपारी देवानंदकडं जाऊन बसायची. काय बांधून राह्यली, कुणाला सांगायची न्हाई. तिच्या मायनं एकदा मला हळूच म्हणलं, "अहो, पोरीचा नंबर आला तर तिचं कल्याण व्हईन. न्हाई आला तर ती पुन्हा कशात नाव द्यायची न्हाई, मी सांगते तुमाला."

आन एक दिवस बद्रीनाथ सर माझ्या कामावर आले. मी पाडावर, बांबूच्या माचीवर, होतो.

"मिस्त्री, खाली या. तुम्हाला परीक्षक करायचंय."

म्हणलं, "सर, मी चौथी. सही करताना जीभ बाहेर येते माझी."

"दोन इंजिनियर घेतलेत. एक जालन्याचे, एक औरंगाबादच्या मॅडम. पण हातात थापी धरलेला माणूस पाहिजे मला एक."

मी खाली उतरलो आन खरं ते सांगून टाकलं. "माझी पोरगी हाय त्याच्यात. मला ठेवू नका."

सर म्हणाले, "नावं नाहीतच मिस्त्री, नुसते नंबर आहेत. कुणाचा कोणता, ते मलाच माहीत. तिघांच्या मार्कांची बेरीज होणार. तुम्ही फक्त खोली बघा."

हो म्हणलो. घरी येऊन शिवकन्याला सांगितलं तं तिचं तोंड एवढंसं झालं. "आबा, माझा नंबर इचारू नका बरं का." म्हणलं, "बिलकुल न्हाई इचारणार." पण इचारायची गरजच काय, मी म्हणलं मनात. स्वतःच्या पोरीचं काम वळखू येणार न्हाई का मला?

देवानंदच्या कॅफेत दुपारी दोनला लाइट यायची. मी धुतलेला सदरा घालून गेल्तो. देवानंदनं खुर्ची पुसून दिली. "बसा परीक्षकसाहेब." लई चावट माणूस. मंग त्यानं पहिली खोली उघडली. नेटला तव्हा जोर नव्हता, चित्र वरून खाली उतरायचं. आधी स्लॅब दिसला. मंग अर्ध्या भिती. मंग लई वेळानं फरशी.

म्हणलं, "देवानंद, आधी स्लॅब आन शेवटी जमीन? असा मिस्त्री ठेवला तर मालक जोड्यानं मारंल."

"मिस्त्री, मार्क चित्राला द्यायचेत, नेटला न्हाई."

चौदा खोल्या होत्या. एकीत सैपाकघरात झुंबर लावल्यालं. एकीत खिडकीसमोर कपाट, म्हणजे खिडकी कपाटालाच हवा देणार. चार नंबरच्या खोलीला दारच न्हाई! म्हणलं, "आत गेलेल्या बाईनं बाहेर यायचं कुठून?" देवानंद म्हणतो, "सैपाक झाला की माऊसनं उचलून ठेवायची तिला." लई हासलो दोघं.

मंग सहा नंबर उतरला. वरची फळी बी बसल्या हाताला पुरंल अशी खाली. ओटा तर गुडघ्याएवढा, त्याच्यापुढं पाट. भितीला चहूबाजूंनी धरायला दांडी. कुठंबी उंबरा न्हाई. ही खोली ज्याला उभं राहाता येत न्हाई त्याची हाय. ही माझ्या पोरीची खोली हाय.

लई वेळ बघत बसलो. सरळ उभं राहून सैपाक करायची आसही ठेवली न्हाई पोरीनं, असं वाटलं. डोळ्यात पाणी आलं तं देवानंदला म्हणलं, ह्या तुझ्या कम्प्युटरचा उजेड लागतो रे डोळ्याला.

"किती देऊ मिस्त्री?"

"धा."

"धापैकी धा?"

"खोली बराबर हाय. एक चूक दाखव." आन खरंच चूक नव्हती. मी ते पोरीला न्हाई, खोलीला दिले, असं मी मनाला तीन डाव सांगितलं.

मंग पुढचे. अकरा नंबर उतरला. साधी खोली. उगवतीला खिडकी, धूर जायला वर झरोका, मोरीचा उतार बराबर. पण ओटा छत्तीस इंच! आकडे लिहिल्याले होते ना चित्रावर. म्हणलं, "छत्तीस? ओट्यावर चढून पोळ्या लाटती का काय बाई? मी तीस वर्सं ओटे बांधून राह्यलो, तीसाच्या वर गेलो न्हाई." आन खिडकीखाली एक दगडी बैठक, हातभर रुंद, काही कामाची न्हाई. म्हणलं जागा फुकट घालवली.

"किती?"

"बाकी बरंय. पाच."

देवानंदनं समदे मार्क टाकले. म्हणला, "एकदा बटन दाबलं की बदलत न्हाई बरं का. दाबू?"

"दाब जल्दी, लाइट जाईन."

घरी आलो तं मायलेकी सैपाकघरात. गोजरबाई, म्हणजे माझी मालकीण, ओट्यापाशी भाकरी थापून राह्यली होती. शिवकन्या दारात तेलाच्या डब्यावर बसल्याली, काठी मांडीवर, मायशी बोलत. रोजचीच जागा तिची. मला राहावलं न्हाई. म्हणलं, "नंबर इचारत न्हाई मी. पण सहा नंबर काय झ्याक खोली हाय! ज्यानं बांधली त्याच्या हाताला मी धा दिले."

शिवकन्यानं मान हालवली. म्हणली, "आबा, सहा माझा न्हाई."

"मंग?"

"बटन दाबलं?"

"दाबलं."

"माझा अकरा."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. गोजरबाईची भाकरी तव्यावर करपून राह्यली होती, तिलाबी समजंना काय झालं.

पोरगीच मंग हासली, उगाच, मला बरं वाटावं म्हणून. "माप चुकलं म्हणले असताल ना?"

"छत्तीस इंच कुठं असतो का बाई ओटा?"

"तुम्हीच शिकवलं ना आबा. मालकिणीला उभं करायचं, कोपर मोडायला लावायचं, कोपरापासून वीतभर खाली ओटा." तिनं खुंटीवरची माझी दोरी काढली. "माय, हिकडं ये. उभी राय. सरळ."

"काय चाललंय तुमचं बापलेकीचं? पिठाचे हात हायेत."

"असूंदे. कोपर मोड."

गोजरबाई सरळ उभी राह्यली. तातेरावभाऊ, माझी बायको माझ्याहून चार बोटं उंच हाय. लग्नात लोकं हासले होते. पण ती एवढी उंच हाय, हे मी कैक वर्सांत पाह्यलंच नव्हतं. कारण घरात बघावं तव्हा ती वाकल्याली. शिवकन्यानं दोरीचं एक टोक जमिनीला लावलं, कोपरापाशी बोट धरलं, वीतभर खाली गाठ मारली. ती गाठ ओट्याला लावली. ओटा गाठीच्या खाली, पार आठ इंच!

आता ऐका, हे कसं झालं. आमच्यात रिवाज असा, की ओट्याचं माप घरच्या मोठ्या बाईचं घ्यायचं. सासूचं. माझी माय चणीनं ल्हान होती. त्र्याऐंशी साली लग्नाआधी मी घर बांधलं, मायला उभं केलं, तिच्या कोपराचं माप घेतलं, अठ्ठावीस इंच. बराबर केलं. मंग गोजर सून होऊन आली आन त्याच ओट्यावर लागली. तव्हा माय जाऊन पंधरा वर्सं झाल्ती. ओटा मायच्याच मापाचा राह्यला. गावात शंभर ओटे बांधले म्या, शंभर सासवांच्या कोपराचे. एका सुनेला म्हणलं न्हाई की बाई, तू उभी राय.

आन ती बैठक, खिडकीखालची? ती शिवकन्याची. तेलाच्या डब्याच्या बदल्यात. आख्ख्या खोलीत तिनं स्वतःसाठी एवढंच मागितल्तं, मायशी बोलायला हातभर जागा. ती जागा फुकट गेली म्हणून म्या मार्क कापले.

गोजर म्हणली, "माझ्या पाठीचं काय घेऊन बसलात? सवय झाली मला."

दुसऱ्या दिशी भोकरदनला गेलो. सरांच्या पुढं हात जोडले. म्हणलं, "सर, अकराचे मार्क चुकीचे हायेत. माप बराबर होतं, माझी नजर चुकली."

सरांनी मला खुर्चीवर बसवलं. मंग म्हणले, "मिस्त्री, आता तुम्हाला माहीत आहे ती कुणाची खोली. आता बदलले तर बाकीच्या तेरा पोरांना मी काय सांगू?"

त्याहिचं बराबर होतं. तेच मला झोंबलं.

निकाल लागला. दोन्ही इंजिनियरांनी अकराला सगळ्यात जास्ती दिल्ते. तरी सहा नंबर पहिला आला, तीन मार्कांनी. शिवकन्या दुसरी, तिला भितीवरचं घड्याळ. सहा नंबर वडीगोद्रीच्या एका पोराचा निघाला. त्याच्या मायचे पाय गेल्याले, ती बसून सैपाक करती. शिवकन्या त्याला भेटून आली आन म्हणली, "आबा, तुमचे धा चुकीचे नव्हते. त्याला मिळालं ते बरं झालं." आन मंग मोरीत जाऊन लई वेळ तोंड धूत बसली. पाण्याचा आवाज येत होता, म्हणून बाकी काही ऐकू आलं न्हाई आम्हाला.

त्या हप्त्यात मी कामावर गेलो न्हाई. फोडायचा घन काढला. ओट्यापुढं उभा राह्यलो आन घन खाली टेकवला. मायचा ओटा होता तो. गोजर म्हणली, "राहू द्या हो. आत्याबाईची आठवण हाय." म्हणलं, "आठवण ठेवतो. बाजूला हो." वरची फरशी न फोडता काढली, तिला तडाबी जाऊ दिला न्हाई. शिवकन्यानं कागदावर काढून दिलं तसा ओटा बांधला, छत्तीस इंच, चुकून सुतभर कमी न्हाई. आन मायची फरशी खिडकीखाली लावली, बैठक म्हणून. हातभर रुंद.

पहिल्या दिवशी गोजर नव्या ओट्यावर भाकरी थापाया उभी राह्यली. दोन भाकरी झाल्या आन थांबली. मला वाटलं, पुन्हा काही चुकलं.

म्हणली, "अहो, हितनं रस्ता दिसतो की."

चोवीस वर्सं ती खिडकी तिथंच होती, तातेरावभाऊ.

पुढच्या साली स्पर्धा झालीच न्हाई, सरांनी क्लास बंद केला. शिवकन्याचा कोर्स राह्यला तो राह्यलाच. त्याला माझ्यापाशी औषध न्हाई, आन ती बी कव्हा त्याचं नाव काढत न्हाई. पण देवानंदनं तिला सकाळी गिऱ्हाइकाच्या आधी दोन तास कम्प्युटर दिला. त्याच्यावर ती स्वतःच्या डोक्यानं शिकली. तुमच्या घराचा नकाशा, जो तुम्ही त्या खिळ्याला टांगलाय, तो कुणी काढला म्हणता? खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव हाय, वाचा. आन मी आता जिथं ओटा बांधतो तिथं माप तीच घेती. मला त्या कामातून काढून टाकलंय तिनं. म्हणती, "आबा, तुम्ही वीट लावा."

तीस इंच म्हणले ना तुम्ही? ते तुमच्या मायच्या मापाचं झालं. त्या काकूंना माझा नमस्कार सांगा. पण चूल कोण सांभाळतं आता? मघापासून त्या दाराआडून दोन डाव चहा देऊन गेली, जरा वाकून चालती, ती सूनबाईच ना तुमची?

काठीचा आवाज येऊन राह्यला बघा, शिवकन्या आली दोरी घेऊन. उठा तातेरावभाऊ, सूनबाईला हाक मारा. म्हणावं, दोन मिनिटं ये, आन सरळ उभी राय.