तापल्या गाडीचा भंडारा

"गार गाडीत खोट शोधू नको, म्हाळसे. तापून आली असंल तवाच बघ. हात भाजला तरी चालंल."

तात्याबांचं हे सांगणं म्हाळसाला आठवलं ते फार उशिरा, पोपटमामांची जीप तिसऱ्यांदा दुकानासमोर येऊन उभी राहिली तेव्हा.

तात्याबा तिचे वडील. शिरूरच्या एसटी स्टँडमागं त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. ते गेल्यापासून दोन वर्षं म्हाळसा एकटीच ते चालवत होती. गाडी चालू करणाऱ्या सेल्फची मोटर उघडून तांब्याची तार नव्यानं भरावी तर तिनंच, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. आणि तिथंच ती फसली. जीप सेल्फ घेत नाही म्हटल्यावर तिनं दोन्ही वेळा मोटरच उघडली. मामांच्या गावाहून, वडगाव रासाईहून, तापून आलेली जीप ती आधी लिंबाखाली चांगली गार होऊ द्यायची, कारण सायलेन्सरजवळ हात घालायचा म्हणजे भाजणार. तोवर पोपटमामा मार्केट यार्डात कांद्याचा भाव बघून यायचे. काम झाल्यावर गार गाडी पहिल्याच झटक्याला सुरू व्हायची. मग ती समाधानानं देवळीतल्या खंडोबासमोरचा चिमूटभर भंडारा बॉनेटला लावायची.

तात्याबा मात्र गाडी तापवून, बंद करून, पुन्हा सुरू झाल्यावरच भंडारा लावायचे. हे ती लहानपणापासून बघत आली होती. का, ते कधी विचारलं नव्हतं.

या वेळी मामांनी इंजिन बंदच केलं नाही. सीटवर बसूनच बोलले. सून शितल पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मागच्या महिन्यात तिला दौंडला सोडायला निघाले होते. रेल्वे फाटकात गाडी बंद केली. आगगाडी गेली, फाटक उघडलं आणि जीप नुसती टक् टक् करत राहिली. मागं हॉर्नांचा कालवा. पोर उन्हात उतरून कडेला उभी राहिली ती घेरी येऊन खालीच बसली. कुणाच्या तरी टेम्पोतून तिला माघारी आणावं लागलं. आता नववा लागला होता. दौंडला आई वाट बघत होती, गावात हाताशी दुसरी गाडी नव्हती आणि शितल या जीपमध्ये पाय ठेवायला तयार नव्हती.

"दोनदा तू भंडारा लावलास," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"मामा, बंद करा गाडी."

"आन् ढकलायला तू येनार व्हय?"

"येते की. करा बंद."

बंद केली, किल्ली फिरवली. टक्. म्हाळसानं हाताला ओलं फडकं गुंडाळून मीटरच्या वायरी लावल्या. बॅटरीवर बारा व्होल्ट होते. पण मामांनी किल्ली धरून ठेवली की सेल्फच्या लहान बोल्टवर जेमतेम सात पोचत. मोटर धडधाकट होती. बॅटरीकडून किल्लीपर्यंत आणि तिथून वळसा घेऊन सायलेन्सरच्या धगीतनं सेल्फकडं जाणारी बारीक, जुनी वायर वाटेतच करंट खाऊन टाकत होती.

तिनं बॅटरीशेजारी, धगीपासून लांब, वेगळा सोलेनॉइड, म्हणजे थोड्या करंटनं जागा होऊन मोठा करंट सोडणारा स्विच, पत्र्याला बसवला. बॅटरीतून जाड वायर त्याला, त्याच्यातून तशीच जाड वायर सेल्फच्या लहान बोल्टला. किल्लीच्या बारीक वायरीनं आता फक्त या नव्याला जागं करायचं, ओझं तो ओढणार. मनगटावर दोन फोड आले. मग मामांना तिनं न्हावऱ्यापर्यंत फेरी मारून यायला लावलं. तापून आलेली गाडी बंद केली, किल्ली फिरवली. जीप लगेच धडधडली.

मामांनी सवयीनं देवळीकडं पाहिलं.

"आज न्हाई," म्हाळसा म्हणाली. "शितलला सांगा, शुक्रवारी मी येते. तिच्याशेजारी बसते. फाटक पडलं की तुम्ही गाडी बंद करायची. सुरू झाली की तिच्याच हातानं भंडारा लावू."

"आन् न्हाई झाली तर?"

"तर मी ढकलते, तुम्ही हसा."

मामा हसले नाहीत. पण मान डोलावून गेले.

शुक्रवारी सकाळी तिनं रोजच्यासारखा देवळीत दिवा लावला आणि तो शांत होईस्तोवर समोर बसून राहिली. फोड अजून हुळहुळत होते. दिवा विझल्यावर तिनं कागदाच्या पुडीत भंडारा बांधला, पिशवीत मीटरशेजारी ठेवला. दुकानासमोर एक ट्रॅक्टरवाला येऊन थांबला होता. त्याला उद्या या म्हणून सांगितलं. मग फळ्या लावल्या, कुलूप ओढून बघितलं आणि डोक्यावर पदर घेऊन ती वडगावच्या एसटीकडं चालू लागली.