खालची काच कोरीच राहिली

मी दगडाबाईंचा बायफोकल चष्मा बोलतोय. ज्याच्यावर वर्षभर सगळ्यांनी खापर फोडलं, तो मीच.

माझा जन्म केजच्या एका चष्म्याच्या दुकानातला. वरच्या काचेतून लांबचं दिसावं, खालच्या काचेतून ताट, पायरी, अक्षर. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या दगडाबाई मला नाकावर चढवून आरशापुढे ऐटीत उभ्या राहिल्या. मला त्या तिथेच आवडल्या.

पण त्यांचे डोळे माझ्या खालच्या काचेकडे येईनातच. आमटीची वाटी कलंडायची. उभ्या उभ्या त्या मागच्या मागे पडायच्या. नजर टक्क समोर, पापणी क्वचितच लवायची. "नंबर चुकला," म्हणत मुलगा संजय दुकानदाराशी भांडला. माझ्या काचा दोनदा बदलल्या. असा राग यायचा! पण चष्म्याला तोंड कुठे असतं?

मग संजयचं लग्न झालं. नवी सून राजश्री पाया पडायला वाकली. दगडाबाई ताठ उभ्या, नजर समोरच्या भिंतीवर. ना डोक्यावर हात, ना तोंडातून शब्द. मांडवात कुजबुज झाली, "सून पसंत न्हाई वाटतं. लई ताठा हाय बाईला." राजश्रीचा चेहरा उतरला. तिचं वाकलेलं डोकं माझ्या खालच्या काचेत स्वच्छ दिसत होतं, पण ते मी सांगणार कुणाला?

घरात अबोला आला. राजश्री सासूला आत्या म्हणायची, पण कामापुरतंच बोलायची. "आत्या, ताटाकडं बघून जेवा की."

"बघायलेच की गं."

एकदा गच्चीवरून उतरताना दगडाबाईंनी पाय थेट हवेत टाकला. राजश्रीने दंड धरला म्हणून वाचल्या.

"पायरी दिसली न्हाई का?"

"कुठं हाय पायरी?"

राजश्रीने त्यांना तिथेच पायरीवर बसवलं. तिने सासूच्या हनुवटीखाली बोट धरलं, ते त्यांना दिसेना. मग समोर धरलं. समोरचं दिसत होतं. "आत्याचे डोळे खालीच येईनात," ती संजयला म्हणाली. "आता चष्मा बास. मोठ्या डॉक्टरकडं चला."

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मान न हलवता खाली बघा." डोळे जागचे हलले नाहीत. मग, "माझ्या नाकाकडेच बघत राहा," म्हणत त्यांनी दगडाबाईंचं डोकं हळूच मागे झुकवलं, आणि डोळे आपसूक माझ्या खालच्या काचेवर उतरले. वर्षात पहिल्यांदा.

"डोळे हलू शकतात. खाली बघायचा हुकूम मेंदूतून निघत नाही," डॉक्टर म्हणाले. एमआरआयनंतर त्यांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. दुर्मिळ आहे, बरा होत नाही. पुढे बोलणं, गिळणंही जड जाईल.

राजश्री सासूच्या नजरेसमोर येऊन बसली. "म्हंजी लग्नात मी तुमाला दिसलेच नव्हते?"

"मी तर वाट बघत होते गं, सून कधी येती पाया पडायला."

दगडाबाईंना आता एकाच नंबरचा, साधा चष्मा मिळालाय. मी पेटीत बंद असतो. एवढंच सांगतो, तुमच्या घरातलं कुणी असं सारखं पडत असेल, तर नुसता नंबर बदलू नका. त्यांचे डोळे खाली येतात का तेही पाहा.

इथे मला दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं. आज सकाळी धाडकन आवाज झाला. राजश्रीची पावलं धावली, मग सगळं शांत. माझा जीव खालीवर झाला. थोड्या वेळाने दगडाबाईंचा जड, अडखळता आवाज आला.

"हंडा पडला गं. मी... उभी हाय."