नज्मा थबकली तेव्हा

दत्ताराम कुडाळहून बहरैनला आला तो ड्रायव्हर म्हणून. तिथल्या रिफा गावातल्या अबू नासर यांच्या घरी गाडीबरोबर आणखी एक काम त्याच्या गळ्यात पडलं, ते नज्माचं. नज्मा म्हणजे अबू नासर यांची शिकारी कुत्री. पॉइंटर जातीची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. झुडपात पक्षी दडलेला असला की तिला वासानेच कळायचं, आणि मग ती एक पाय उचलून जागच्या जागी थबकायची. अबू नासर पुढे होऊन पक्षी उठवत, बार काढत, आणि पडलेला तितर नज्मा अलगद तोंडात धरून आणून देई. हिवाळ्यात एका खाजगी बागेत पाळलेले तितर सोडून ही शिकार चालायची. दत्ताराम थर्मास घेऊन मागे उभा असे. बंदुकीचा आवाज त्याला कधी मानवला नाही. पण नज्मा थबकली की तो चवड्यांवर उभा राहून बघायचा.

मग कायदा बदलला. सोडलेल्या पक्ष्यांचीही शिकार बंद झाली आणि बंदुका जमा करायच्या ठरल्या. अबू नासर वडिलांच्या हातची बंदूक चादरीत गुंडाळून देऊन आले, गाडीत बसले आणि एवढंच म्हणाले, "खलास."

माणसाला कायदा समजतो, कुत्र्याला कोण सांगणार? गारवा पडला तशी नज्मा पहाटे गाडीच्या दाराशी जाऊन बसू लागली. कुणी दार उघडत नाही म्हटल्यावर तिने खाणं कमी केलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. अबू नासर यांचा भाचा परदेशात राहायचा, तिथे शिकारीला परवानगी होती. तो म्हणाला, माझ्याकडे पाठवा.

"जाऊ दे तिला, दत्ता," अबू नासर म्हणाले. "तिथे तिच्या हाताला काम मिळेल."

"हो बाबा," दत्ताराम म्हणाला. कुत्री त्याची नव्हती. पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

नज्माला पाठवायची तयारी चालली होती, तोच वसंतात इक्रा घरी आली. हैदराबादची मुलगी, पक्ष्यांच्या पाहणीचं काम करायची. सनद गावाच्या पलीकडे खजुराच्या जुन्या बागेमागे एक माळ होता, तो सपाट करून घरं बांधायची होती. जमिनीवर घरटी आहेत का, हे आधी तपासल्याशिवाय यंत्रं लावायची नाहीत, असं नव्या कायद्यातच होतं. पण तिच्या माणसांना शोधून काही सापडत नव्हतं. शिकारीतली कुत्री कुणाकडे आहेत, अशी चौकशी करत ती इथवर पोचली होती.

अबू नासर हसले. "बिंती, पोरी, ती थबकते ती बंदुकीसाठी. बार झालाच नाही तर ती किती वेळ थांबेल? झडप घातली तर?"

"मला माहीत नाही," इक्रा म्हणाली. "म्हणून तर लांब दोरी आणली आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते माळावर गेले. दोरी दत्तारामच्या हातात होती. पलीकडे हमरस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. नज्माने नाक वाऱ्याला लावलं आणि इतक्या दिवसांचं मरगळलेलं अंग झटकल्यासारखी ती निघाली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बराच वेळ काही नाही. मग नाकाला धरून कुणी ओढावं तशी ती वळली आणि थबकली. एक पाय वर, शेपूट ताठ.

समोर काहीच नव्हतं. वाळू, खडे, सुकलेल्या झावळ्या.

"जुना वास असेल," अबू नासर पुटपुटले. "वय झालं तिचं."

नीट बघावं म्हणून दत्तारामने पाय उचलला, तोच इक्राने त्याची बाही धरली. "दत्ताभाई, हलू नका. तुमच्या बुटापुढे बघा. ती झावळी दिसते? तिच्या शेजारचा दगड."

दत्ताराम बघत राहिला. दगड तो दगडच. वाळूच्या रंगाचा, त्यावर राखेच्या रेघा. मग त्या दगडाने श्वास घेतला.

 आता दत्तारामला पंख दिसले, चपटं डोकं दिसलं, आणि मिटल्या पापणीची काळी चमकती फट. फट जराशी उघडली, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा मिटली. छातीखालून वाळूचाच कापूस वाटावा असं एक पिल्लू बाहेर डोकावलं. तो रातवा होता, दिवसभर जमिनीवर बसून राहणारा आणि अंधार पडला की उडणारा पक्षी. आणखी एक पाऊल पडलं असतं तर दत्तारामचा बूट त्याच्या पाठीवरच आला असता, तरी तो उडाला नव्हता. जगाने आपल्याला पाहिलेलं नाही, एवढ्याच भरवशावर तो बसून होता.

अबू नासर खाली बसले. "मी आयुष्यभर पक्षी उठवत आलो," ते हलकेच म्हणाले. "बसलेला कधी पाहिलाच नाही."

नज्मा आता थरथरत होती. तोंडातून लाळ गळत होती, पण उचललेला पाय खाली आला नव्हता. डोळे मधूनच मालकाकडे वळायचे. बार कधी होणार? दोरी ओढावी तर ती उसळेल आणि पक्षी पिल्लू टाकून उडेल, या भीतीने दत्ताराम श्वाससुद्धा जपून घेत होता.

मग सत्तरीचे अबू नासर गुडघ्यांवर सरकत तिच्या मागे गेले. पाठीवर हात ठेवला, कानाशी अरबीत काहीतरी बोलले आणि एवढ्या मोठ्या कुत्रीला दोन्ही हातांनी पोटाशी उचलून घेतलं. एकेक पाऊल मागे टाकत ते गाडीपर्यंत आले. अर्ध्या वाटेत नज्माचं अंग सैल पडलं आणि तिने त्यांच्या खांद्यावर मान टाकली. पक्षी होता तिथेच होता.

संध्याकाळी दत्तारामने गावी बायकोला फोन लावला. सुनंदाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढो कसलो पक्षी तो?"

"मातयेच्या रंगाचो," तो म्हणाला.  

माळाचा तो कोपरा पिल्लू उडायला लागेपर्यंत तसाच ठेवला गेला. भाच्याला नकार कळवला. नज्मा आता इक्राबरोबर कामाला जाते आणि भुकेने जेवते.

उन्हं वाढल्यावर एका संध्याकाळी अबू नासर यांनी माळाजवळ गाडी थांबवायला लावली, एसीही बंद करायला सांगितला. सूर्य नुकताच बुडाला होता. जमिनीचाच एक तुकडा सुटावा तसा रातवा वर आला. त्याच्यामागे दुसरा, मग एक छोटा. गाडीच्या टपावरून ते वळणं घेत फिरले, इतके जवळून की पंखांवरचे ठिपके दिसावेत, आणि आवाज जराही नाही. काचा खाली, गाडीत उकडत होतं. मागच्या सीटवर नज्मा मान वर करून हवेचा वास घेत होती. अंधार दाटून काही दिसेनासं झालं, तरी अबू नासर 'यल्ला', चल आता, असं म्हणाले नाहीत, आणि दत्तारामनेही किल्लीला हात लावला नाही.